समुद्रातल्या विहिरीचं पाणी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. समुद्र कुठल्या कुठे, तरी बोअर मारला की खारंच पाणी लागतं. इथल्या गाळातच क्षार आहेत. त्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. आई चिमूटभर सोडा टाकते. नळाला धरणाचं पाणी आलं की हंडे भरून ठेवायचे आणि पुरवून वापरायचे.

जानेवारीत कापसाची वेचणी आटोपली आणि आईला, पोराला घेऊन मालवणला गेलो. मूर्तिजापूरहून रेल्वे, मुंबईत गाडी बदलून कुडाळ, पुढं एसटी.

पोराला समुद्रात उतरायचं होतं. किल्ल्याजवळच स्नॉर्केलिंग चालतं. तोंडात नळी धरून डोकं पाण्यात घातलं, तर पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे थेट काचेपाशी! खाली प्रवाळ. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. आमच्या शिवारातलं काळवीट चाहूल लागली की उधळतं. हे मासे माझ्या बोटांना टोचत होते.

मग होडीनं सिंधुदुर्गावर. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर याचा पाया घातला, पायात शिसं ओतलं. तटावर त्यांच्या हातापायांचे ठसे जपलेत. तिथं आईनं डोकं टेकवलं.

पण मी खिळलो तो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. किल्ल्यात आजही घरं आहेत, त्यांतलीच एक बाई पाणी शेंदत होती. तिनं आईच्या ओंजळीत ओतलं. आई प्यायली, थांबली, पुन्हा ओंजळ पुढं केली.

"माय वं! भवताल सारं खारं, अन् मंधात गोड?" मग तिनं मनातलं विचारलं, "बाई, तुमची दाय शिजते का या पान्यात?"

"शिजता तर! लगेच शिजता."

आईनं एक बाटली भरून घेतली. परतीच्या प्रवासात कुणाला हात लावू दिला नाही. घरी पोचल्यावर देवापुढं ठेवेल असं वाटलं होतं. तिनं कुकरला डाळ लावली, सोडा न टाकता, आणि चुलीपुढं बसून शिट्या मोजल्या.