आजीचा अभिषेक आणि साडेचारची वेळ

मुरगाव बंदरात क्रूझचं जहाज लागतं त्या दिवशी आम्हा वास्कोच्या टॅक्सीवाल्यांना पहाटेच जाग येते. 19 वर्षं गाडी चालवतोय. फोनवर प्रश्न ठरलेला असतो, "दादा, जहाजवाल्यांची बसची सहल घेऊ की तुमची गाडी?" मी आधी विचारतो, जायचंय कुठं?

ठाण्याच्या त्या मुलीनं आठवडाभर आधी फोन केला होता. आर्किटेक्चर शिकणारी, सोबत आजी. मी तिला स्पष्ट सांगितलं, सगळं थोडं थोडं बघायचं असेल तर जहाजाचीच सहल घे. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. माझी गाडी अडकली तर थांबत नाही, मग मुंबई स्वतःच्या खर्चानं गाठायची. तिनं सहलीचा कागद पाठवला: जुनं गोवं, मसाल्याची बाग, जेवण, पणजीत खरेदी. मंगेशी नव्हतं. आजीचं कुलदैवत मंगेश, आणि वयाच्या 78व्या वर्षापर्यंत तिला तिथं जायला जमलंच नव्हतं. मग मी हो म्हटलं. साडेचारला जहाजावर परत जायचं होतं, मी साडेतीनची वेळ धरली. आधी लांबचं मंगेशी, येताना जुनं गोवं. नातीला तिथलं जांभ्या दगडाचं बॉम जेझू चर्च बघायचं होतं.

कुठ्ठाळी आली तसं मी म्हटलं, "आजी, देवाचं मूळ देऊळ इथलं. 1560 साली पोर्तुगीजांच्या भीतीनं लोकांनी लिंग झुआरीपार प्रियोळला नेलं. आपण त्याच वाटेनं चाललोय." आजीनं काच खाली करायला लावली आणि पुलावर पूर्ण वेळ हात जोडून बसली. इतके प्रवासी नेले, पण त्या दिवशी मलाही त्या नदीकडं बघवेना.

देवळात गर्दी होती. अभिषेकाला वेळ लागला. मी बाहेर घड्याळ बघत होतो, पण आत जाऊन "चला" म्हणणं जमलं नाही. निघालो तेव्हा सव्वाएक वाजून गेला होता.

बाणस्तारीचा पूल लागण्याआधी सोबतच्या टॅक्सीवाल्याचा फोन आला. बांबोळीपुढं महामार्गावर ट्रक उलटलाय, गाड्या जागच्या हलत नाहीत. मी गाडी कडेला घेतली. जुनं गोवं अगदी पुढ्यात होतं. पण तिथून परतीची वाट त्याच कोंडीतून जाणार होती. नातीला सांगताना जड गेलं, "बेटा, चर्च राहू दे. मागं फिरून फर्मागुडी, बोरीचा पूल, लोटली, वेर्णा असं जाऊ." ती काही बोलली नाही. आजी म्हणाली, "माझ्यामुळं झालं." नातीनं तिचा हात धरला.

बोरीच्या पुढं रस्ता अरुंद आहे, पण मोकळा होता. वेर्ण्याहून दाबोळीकडचा मोठा रस्ता लागला तेव्हा माझा श्वास सुटला. तीन पन्नासला बंदराच्या फाटकाशी होतो.

सहलीची बस मात्र कोंडीतच होती. ती साडेपाचला आली आणि जहाज तिच्यासाठी थांबलं. आमच्यातल्या एकाच्या गाडीत दोन पोरं होती, बशीच्या मागोमाग अडकलेली. तीही त्याच गर्दीत चढली. बस पुढं नसती तर ती दोघं धक्क्यावरच राहिली असती, हे त्यांना कळलंय की नाही कोण जाणे. मला मात्र रात्री झोप लागेना. माझ्या अभिषेकवाल्या दोघी त्या पोरांच्या जागी असत्या तर बशीचा भरवसा कुणी दिला होता?

आजीनं उतरताना प्रसादाचा नारळ माझ्या हातात ठेवला. नात म्हणाली, "काका, पुढच्या वेळी बॉम जेझूसाठी जहाजाची सहल घेऊ?"

"घे," मी म्हटलं. "आजीला मात्र माझ्याकडं सोड."