वाण किती आणायचं?

रविवार, रात्री साडेदहा

काल तालुक्याला बचत गटाच्या बायकांचं ट्रेनिंग होतं. जेवणानंतरच्या सेशनला मॅडमनी पिवळी कार्डं वाटली नि म्हणाल्या, आपलं व्हिजन लिहा, गावात काय बदल हवाय ते. आता व्हिजन म्हटलं की आम्हाला भाषणच सुचतं ना, मी लिहिलं 'गाव स्वच्छ, सुशिक्षित आणि प्रगत व्हावं', शेजारणीनं माझंच बघून उतरवलं. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, यातलं तुम्ही सोमवारी काय करणार? माझी बोलतीच बंद.

येताना वडापच्या जीपमध्ये बसले, कार्ड हातातच होतं, मग त्याच्या मागं संक्रांतीला वाण किती आणायचं ह्याचा हिशोब मांडायला घेतला. गटात मला सोडून बाराजणी. नऊ नावं लिहिली आणि पेन थांबलं, कारण दरवर्षी नऊच लिहिते. राहिलेल्या तिघींचे नवरे गेलेत. त्यातली एक तर आमची खजिनदार, पासबुकं तिच्याकडं, पेटीची किल्ली तिच्याकडं, कर्ज निघतं ते तिच्या सहीनं, आणि कुंकवाचा करंडा मात्र तिच्यापुढून तसाच पुढं जातो. खरं तर तेही नाही, तिला बोलावतच नाही कुणी. कुणी म्हणजे मीच की, दुसऱ्यावर कशाला ढकलू.

आणि हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या तालुक्यात राहून! ४ मे २०२२ ला हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं ते. महाराजांनी तर १९१७ ला संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केलेला, आम्ही शंभर वर्षांनी टिकलीवर चर्चा करतोय. मग सरकारनंही परिपत्रक काढलं की सगळ्या गावांनी असं करा. आमच्याकडंही ठराव झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पुढं एका कार्यक्रमात विधवा भगिनींना म्हणून वेगळं स्टेजवर बसवून हळदीकुंकू केलं, मला ते बघवलं नाही, चारचौघीत बोलावायचं सोडून स्टेजवर कशाला?

पण मला बोलायचा हक्क आहे का हाच प्रश्न आहे. २०२१ ला कोरोनात मामा गेले, माझे सासरे. दहाव्याला आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बांगड्या फोडल्या तेव्हा पाण्याचा तांब्या धरून मीच उभी होते. दगडावर हात धरला होता त्यांचा, हिरव्या चुड्यातली एक बांगडी नीट फुटली नाही, काच मनगटात गेली. रक्त आलं तर कुणीतरी म्हणालं, 'राहू दे, पाणी घाल.' मी घातलं. अजून बारीक पांढरी खूण आहे तिथं, भाकरी थापताना दिसते.

तेव्हापासून संक्रांतीला आत्ती तीळ निवडतात, पाक बघतात (माझा कधी जमत नाही, एक तर दगड होतो नाहीतर चिकट), वड्या पाडतात, आणि बायका यायला लागल्या की म्हणतात, म्हशीला पाणी दाखवून येते. दोन तास कुठली म्हैस पाणी पिते?

तर काल रात्री धाडस करून विचारलं, आत्ती, यंदा तुम्ही बसायचं. कुंकू लावणार मी तुम्हाला.

मला वाटलेलं डोळ्यात पाणी वगैरे येईल. कसलं काय, त्या चिडल्याच. 'माझ्या कपाळाचं तुमी कशाला ठरवतायसा? पुसतानाबी कुणी इचारलं न्हाई, लावतानाबी न्हाई!'

मी गप्प. खरंच होतं ते. माझं अख्खं व्हिजन एका वाक्यात आडवं केलं त्यांनी. पोरींसमोर मी किती वेळा सांगितलंय, ठराव झालाय, आता लावायला हरकत नाही म्हणून, पण तुला काय हवं असं एकीलाही विचारलेलं नाही. आणि शेजारच्या काकू काय म्हणतील ते वेगळंच, गेल्या वर्षी त्यांनी त्या तिघींतल्या एकीबद्दल नुसतं 'ती पण येणार का' एवढं विचारलं तर मी विषय बदलला होता.

आज सकाळी चहा देताना आत्तीच बोलल्या, माझ्याकडं न बघता. 'कुंकू नगं मला. बांगड्या घालीन दोन-दोन. हिरव्या न्हाईत पर. आमसुली मिळत्यात का बघ.'

कार्डावर बारा नावं लिहिलीत आता. खजिनदारीणबाईला उद्या सोमवारी मीटिंगनंतर एकटीला गाठून विचारायचंय, ती नाही म्हणाली तर नाही. काकूंचं काय करायचं ते अजून सुचलं नाही. आणि कासाराकडं जायचंय, आत्तींचं माप अडीच होतं पण हात बारीक झालाय त्यांचा, सव्वादोनच आणावं बहुतेक.