चांगदेवापेक्षा लहानच

कोपरखैरण्याच्या आमच्या मंदिरात संध्याकाळी हरिपाठ होतो. सातारकडची माथाडी मंडळी वाशी मार्केटातून येतात, हातपाय धुतात आणि टाळ उचलतात. रिटायर झाल्यावर मीही जायला लागलो, पण खांबाला टेकून बसायचो. टाळ घेऊन उभं राहायचं म्हटलं की गुडघ्यांचं नाव पुढं करायचो. गुडघे ठणठणीत होते. पोरासोरांपुढं ठेका चुकला तर हसं होईल, ही खरी भीती. साठीनंतर सांधेदुखी परवडते, हसं नाही.

एका माथाडीचा मुलगा आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकतो. सुट्टीत आला होता. त्यानं चांगदेव काढले. चौदाशे वर्षं जगलेले योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयानं लहान म्हणून आशीर्वाद, की ज्ञानानं थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! ज्ञानदेवांनी 65 ओव्यांचं उत्तर पाठवलं, आणि पुढं चांगदेवांनी त्या एवढ्याशा मुक्ताईलाच गुरू केलं.

"तुमचं वय काय, बाबा?" म्हणत त्यानं टाळ हातात कोंबले.

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघाली, आम्ही पुण्यात दिंडीला मिळालो. सासवडचा टप्पा मोठा, सुमारे 30 किलोमीटर, त्यात दिवे घाट. पाम बीच रोडवर रोज चालणाऱ्या पायांनी काही कुरकुर केली नाही. फोड आला तो तर्जनीला! टाळाची दोरी बोटाला गुंडाळलेली असते. घामानं भिजली की कातडं सोलवटते. शिवाय मी टाळ घट्ट आवळून धरायचो, की आवाज मेलाच. पकड सैल सोडली तेव्हा कुठं खणखणला.

घाटात पखवाज चढला आणि पावली सुरू झाली. हात सांभाळावेत तर पाय चुकायचे. शेजारी तुळस डोक्यावर घेतलेल्या मावशी हसल्याच. "चालू द्या माउली, घाट लांब हाय, जमंल वर जास्तोवर."

वर पोचेपर्यंत काही जमलं नाही. नंतर उताराला, कुणी बघत नसताना, बऱ्यापैकी जमलं.

सासवडला तंबूत बोटाला हळद लावत होतो, तेवढ्यात पोरगं आलं.

"उद्या सोपानकाकांच्या समाधीपुढं हरिपाठ म्हणायचाय. तुम्ही पुढच्या रांगेत."

"दुसऱ्या रांगेत नाही चालणार?"

"चालेल. पण टाळ पहिल्या रांगेत ऐकू आला पाहिजे."