दुखणार नाही, दया येणार नाही

मी तुर्की शिकवते आणि अधूनमधून तुर्की मालिकांची सबटायटल्स इंग्रजीत करते. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला. 'मालिकेत ती मेरहामेत म्हणते, तो आजमा म्हणतो, शेजारीण याझक म्हणते आणि खाली पट्टीत सगळीकडे पिटी! तुर्कांकडे दया वेगळी, कीव वेगळी असं काही नसतंच का हो?'

याचं उत्तर मला दर वेळी एका सुईपासून सुरू करावं लागतं.

इस्तंबूलमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात इंजेक्शन घ्यायची पाळी आली. नर्स दंडावर कापूस फिरवत म्हणाली, "आजमायाजाक, आजमायाजाक." माझं तुर्की तेव्हा पुस्तकी. 'आजमाक' म्हणजे दया येणे, एवढं पाठ होतं. म्हणजे ही बाई मला बजावतेय, दया येणार नाही, दया येणार नाही! सुई टोचेपर्यंत मी डोळे फाडून तिच्याकडे बघत होते. ती बिचारी एवढंच म्हणत होती की दुखणार नाही.

दोन्हींना क्रियापद एकच. हात दुखला: 'एलिम आजदं'. तुझी दया आली: 'साना आजदम'. मूळ शब्द 'आजं'. (शेवट 'माझं'सारखा, ज 'जीवना'तला. 'आजी' म्हणू नका.) आजं म्हणजे वेदना, आजं म्हणजे कडू आणि आजं म्हणजे तिखटही. कबाबवाला 'आजलं मं, आजसझ मं?' विचारतो, तेव्हा तिखट हवं की बिनतिखट एवढंच त्याला हवं असतं. तूप खवट झालं तरी हेच क्रियापद. थोडक्यात, दुसऱ्याकडे बघून आपल्यालाच कुठेतरी दुखलं की तुर्क माणूस 'आजदम' म्हणतो. ते दुखणं थोर की क्षुद्र, हे त्या शब्दात नसतं.

इंग्रजीला ही निवड टळत नाही. पिटी हा शब्द लॅटिन 'पिएतास'मधून आला. भक्ती, कर्तव्यबुद्धी असा त्याचा अर्थ, आणि पायटी, म्हणजे धर्मनिष्ठा, ही त्याची सख्खी बहीण. मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या शिल्पाला पिएता म्हणतात, तोही त्यातलाच. एवढ्या खानदानी शब्दाचं आज काय झालंय बघा. 'आय पिटी यू' म्हटलं की जवळजवळ शिवी, आणि पावसामुळे सहल रद्द झाली की 'व्हॉट अ पिटी'. म्हणून मग चांगल्या प्रसंगांसाठी कम्पॅशन राखून ठेवलंय, म्हणजे लॅटिनमध्ये 'सोबत सोसणं'. आपली अनुकंपा तिच्या अगदी जवळची, दुसऱ्यासोबत थरथरणं. पण महाराष्ट्रात अनुकंपा म्हटलं की आधी आठवतो तो नोकरीचा अर्ज!

आपणही मराठीत वर्गवारी केलीच आहे. कीव खालच्या पायरीवर, करुणा देव्हाऱ्यात. घरात कुणी 'मला तुझी करुणा आली' म्हणतं का? पण कळवळा बघा. पोटात कळ आली की माणूस कळवळतो, आणि दुसऱ्यासाठीही कळवळतोच. आजमाकचं मराठी करायला मला हाच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. इंग्रजीत तो नाही, म्हणून पट्टीत पिटी पडते आणि तुम्ही मला विचारता.

बाकीचे शब्द पटकन सांगते. 'मेरहामेत' अरबीतून आला, त्याचं मूळ आणि 'रहीम'चं मूळ एकच. त्याच मुळापासून गर्भाशयाचाही शब्द आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे मेरहामेत मागतात. 'याझक' हा जुन्या तुर्कीत पाप होता. आता मांजर भिजलं की 'याझक', अन्न टाकलं तरी 'याझक', आणि 'याझक साना' म्हणजे लाज वाटू दे तुला. त्याला जोडून 'ग्युनाह' येतो, म्हणजे आपला गुन्हा. तिकडे तो पापच राहिला, आपल्याकडे पोलीस ठाण्यात गेला. आपला 'गरीब बिचारा' तर अख्खाच तिकडे आहे, 'गारीप' आणि 'बिचारे', फक्त त्यांच्या गारीपकडे पैसे असू शकतात. परमुलखातला एकटा जीव तो गारीप.

माझा लाडका शब्द मात्र 'कयामाम'. 'कयमाक' म्हणजे बारीक चिरणं, जिवावर उठणं. त्यातून 'कयमा', म्हणजे आपला खिमा. फारसीमार्गे तो आपल्या ताटात पोचला. तर झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवायचं जिवावर आलं की तुर्की आई म्हणते, "कयामाम." माझ्याच्याने तुझा खिमा होणार नाही! याला इंग्रजी पट्टीत काय लिहायचं, सांगा. मी एकदा नुसतं 'ऑ' लिहून सुटले.

पण तुर्कांना कीव बोचत नाही असं समजू नका. 'बाना आजमा', माझी कीव करू नकोस, हे वाक्य मालिकांत दारं आपटत येतं. 'मेरहामेत्तेन माराझ दोआर' अशी म्हणही आहे, दयेतून दुखणं उपजतं. घेणाऱ्याला काय वाटतं हे ऑटोमन काळातल्या लोकांना पुरतं ठाऊक होतं. इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या दोआन्जलार भागात एक जुना दगडी खांब आहे, सादाका ताशं, दानाचा दगड. माथ्यावर खोलगट वाटी. देणारा हात वर घालून नाणी ठेवायचा, गरजवंत हात घालून लागतील तेवढी उचलायचा. बघणाऱ्याला कळू नये की हा हात ठेवतोय की घेतोय. बेकरीत आजही कुणी दोन पावांचे पैसे देऊन एकच नेतो. दुसरा 'आस्कदा', म्हणजे खुंटीला टांगलेला, ज्याला हवा त्याच्यासाठी.

माझ्यावर ही वेळ त्याच हिवाळ्यात आली. इंजेक्शननंतरही ताप उतरेना. वरच्या मजल्यावरच्या तेयझे, म्हणजे मावशी, मसुराच्या डाळीचं चोरबा घेऊन आल्या. आपल्याकडे शोरबा म्हणतात तेच. पातेलं टेबलावर ठेवत सरळ म्हणाल्या, "साना आजदम, कझम." तुझी दया आली, पोरी. माझ्या डोक्यात लगेच इंग्रजी पट्टी उमटली आणि मी फणकारले. दोन चमचे पोटात जाईपर्यंत फणकारलेलीच होते.

मावशींनी खिशातून लाल तिखटाची बाटली काढली आणि विचारलं, "आजं इस्तेर मिसिन?"

मी वाटी पुढे केली.