वर्गातली शांतता आणि एक 'वारो'

मंगळवारी सकाळी मुलाच्या वर्गात मागच्या टेबलावर बसून मी एका मुलीचं वाचन ऐकत होते. इथे इंग्लंडमधल्या स्विंडनच्या शाळेत पालकांना असं मदतीला जाता येतं. आधी पोलीस तपासणी होते, माझी व्हायला दोन महिने लागले. पुढे इतिहासाचा पाठ चालू होता, १६६६ सालच्या लंडनच्या मोठ्या आगीचा. मिसने विचारलं, आग एवढी झपाट्याने का पसरली? आणि माझ्या मुलाकडे पाहिलं.

तो बोलेना. मिसही बोलेना. इतर मुलांनी हात वर केले, तर तिने नुसता तळहात दाखवून त्यांना थांबवलं. माझाच जीव वर-खाली होत होता. मी शिकवत असते तर एव्हाना दुसऱ्याला उभं केलं असतं. शेवटी तो पुटपुटला, "वूड." तिने मान हलवली आणि परत गप्प राहिली. मग तो म्हणाला, "अँड... वारो."

मिसला आमच्या कोंकणीतला वारो कुठून कळणार? ती म्हणाली, "वारो? शो मी." त्याने गाल फुगवून जोरात फुंकर मारली. "विंड!" अख्खा वर्ग ओरडला. तिने फळ्यावर 'विंड' लिहिलं, आणि शेजारी तिच्या कानाला ऐकू आला तसा 'वारो' लिहिला.

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारची साहाय्यक बाई कानाशी येऊन आनंदाने सांगते, "वर्गात तो आज पहिल्यांदाच बोलला!"

पहिल्यांदा! सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली, हा फेब्रुवारी. पाच महिने माझं मूल वर्गात मुकं बसलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे मला अजून पचलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये पालकभेट झाली होती. घड्याळ लावून दहा मिनिटं. त्यात तो किती गोड आहे, किती छान रुळतोय, डबा किती नीट खातो, चित्रं किती सुंदर काढतो, हे ऐकून मी तरंगत घरी आले. मग मोबाइलवरच्या ॲपमधून दर शुक्रवारी हसऱ्या चेहऱ्यांचे संदेश. इथे कच्चं हा शब्दच नाही. 'अपेक्षित पातळीकडे वाटचाल सुरू आहे' असं लिहितात. मी चार वर्षं शिक्षिका होते, तरी त्या वाटचालीचा अर्थ मला लागला नाही. परवा विचारलं तेव्हा मिस शांतपणे म्हणाली, नव्या भाषेत आलेली मुलं सुरुवातीला काही महिने नुसती ऐकतात, ते नेहमीचंच आहे, म्हणून तुम्हाला घाबरवलं नाही. असेलही नेहमीचं. पण तिला नेहमीचं. माझा तर एकच मुलगा आहे. आमच्याकडे गोव्यात शिकवत होते तेव्हा मी बाजारात, बसस्टॉपवर, जत्रेत भेटेल तिथे आईला सांगायची, "बाये, तुझा झील वर्गात तोंड उघडत नाही, घरी बोलतो ना?" ते ऐकणाऱ्याला टोचायचं, पण त्या आईला त्याच दिवशी कळायचं.

तरीही त्या फळ्यावरच्या 'वारो'ने मला रात्री झोपू दिलं नाही, कारण मला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक मुलगा आठवला.

मी वाळपईच्या पलीकडच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत कंत्राटी होते. पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं, खोली एक, बाई एक. मुलं घरी कोंकणी बोलायची, पुस्तक मराठी. पावसाळ्यात मी विचारलं, नदीचं पाणी गढूळ का होतं? शाळेमागून म्हादई तांबडी होऊन धावत होती. तिसरीतला तो चटकन उठून म्हणाला, "बाई, दोंगरावयली माती व्हांवत येता." मी म्हटलं, "वाहून येते म्हण. पूर्ण वाक्यात, परत सांग." तो उभा राहिला, परत काही बोलला नाही, बसला. उत्तर बरोबर होतं. कारणासकट बरोबर होतं. मी मात्र त्यातली भाषा तेवढी ऐकली. त्यानंतर वर्षभर हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे त्याचा आवाज मला फारसा आठवत नाही.

मिसने मला मेरी बड रो यांच्याबद्दल सांगितलं. या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि मूल बोलून थांबलं की तितक्याच घाईने पुढचं बोलतात, असं त्यांना दिसलं. दोन्ही ठिकाणी ३ सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी बोलू लागतात. मला त्यातलं दुसरं थांबणं नवीन होतं. 'वूड'नंतर मिस गप्प राहिली नसती तर 'वारो' आलाच नसता.

पण आमच्या शाळांना कुणी नावं ठेवली तर मला सहन होणार नाही. १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगावी मराठी शाळा उघडल्या. माझी आजी अंगठा उठवायची, आई त्या शाळांमुळे शिकली, आणि मी त्याच मराठीत हे लिहिते आहे. इथे इयर फोरला १२ पर्यंतच्या पाढ्यांची सरकारी चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकी ६ सेकंद, आणि पालक महिनाभर आधीपासून धास्तावलेले असतात. माझ्या चौथीच्या मुलींना तीसपर्यंत पाढे येत होते. आठ वर्षांची पोरं देवळापुढच्या नाटकात हजार माणसांसमोर न अडखळता बोलायची. त्यांना बोलता येत नव्हतं असं नाही, माझ्या वर्गात येत नव्हतं. आणि चार इयत्ता सांभाळत, मुलांचं दुपारचं खाणं आलं का बघत, कंत्राट पुढे वाढेल की नाही या काळजीत थांबायचं म्हटलं तरी किती थांबणार? इथे तीस मुलांना एक मिस आणि एक साहाय्यक आहे. मी सोडून आले त्याला कारणं होती.

तिथेच शिकवणाऱ्या मैत्रिणीला रविवारी फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगे बाये, तिसरीतल्याच्या तोंडाकडे बघत मी उभी राहिले तर पहिलीतले दोघे तोवर नदीवर पोचतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच विचारलं, "तो तुझा मातीवाला कितवीत आता?" मी हिशेब केला. सातवीत असेल.

पुढची पालकभेट मार्चमध्ये आहे. एकच प्रश्न लिहून ठेवलाय: या महिन्यात तो वर्गात किती वेळा बोलला आणि काय बोलला? विचारून झालं की मी गप्प बसणार आहे. गोड आहे, छान रुळलाय म्हणाली, तरी गप्पच.