कपिलेश्वर ते कणकुंबी : सायकलवरून सूर्यमाला

भाचीनं शाळेसाठी सूर्यमालेचा तक्ता केला होता. थर्माकोलचे आठ गोळे ओळीनं चिकटवलेले. सूर्याला लागून बुध, बुधाला लागून शुक्र. रंग वाळायची वाट बघताना तिनं विचारलं, "मावशी, हे एवढे जवळ आहेत तर एकमेकांवर आपटत कसे नाहीत?"

तोंडी उत्तर दिलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि विसरून गेली असती. अंतर पायांना कळावं लागतं. त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि एक माप धरलं : एक किलोमीटर म्हणजे दहा कोटी किलोमीटर. मग एक मीटर म्हणजे एक लाख, आणि एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार. या हिशेबानं नेपच्यून सूर्यापासून ४५ किलोमीटरांवर येतो. बेळगावकराला एवढं अंतर सांगितलं की चोर्ल्याच्या रस्त्यावरची कणकुंबीच आठवते. मग प्रकाशाचा वेग काढला. सेकंदाला तीन मीटर, म्हणजे तासाला १०.८ किलोमीटर. चढ-उताराच्या रस्त्यावर आमची सायकल याच वेगानं चालते! गाडीनं जायचा विचार तिथंच सुटला.

२५ जानेवारी २०२५, शनिवार. अमावास्या चार दिवसांवर होती, म्हणून हा दिवस निवडला. दुर्बीण आदल्या दिवशीच मैत्रिणीच्या भावाच्या गाडीतून कणकुंबीला पोचली होती. आम्ही दोघी पहाटे साडेसहाला बेळगावातल्या कपिलेश्वराच्या देवळापाशी उभ्या होतो. इथं आमचा सूर्य : १४ मीटर व्यासाचा, चार मजली इमारतीएवढा. माझ्या पिशवीत एक मोठं लिंबू, दोन सोललेले नारळ, टेनिसचा चेंडू आणि एक जरा मोठी सुपारी.

बुधाचं लिंबू ५८० मीटरवर काढलं, शुक्राचा नारळ एक किलोमीटर उलटल्यावर. टिळकवाडीत शिरल्यावर भाची घड्याळाकडे बघत ओरडली, "आठ मिनिटं वीस सेकंद!" दीड किलोमीटर झालं होतं. कपिलेश्वरापासून आमच्याबरोबर निघालेला उजेड आत्ता पृथ्वीला पोचला. फुटपाथवर दुसरा नारळ ठेवला, टेप धरून ३ मीटर ८४ सेंटिमीटर मोजले आणि तिथं सुपारी ठेवली. हा चंद्र. भाची किती तरी वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिली. माणूस आजवर जास्तीत जास्त कुठवर गेला, तर त्या सुपारीच्या मागच्या बाजूपर्यंत. सकाळी फिरायला निघालेले एक आजोबा थांबून सगळं ऐकत होते. "एवढंच?" म्हणाले, आणि नारळाला हात लावून पुढं गेले.

मंगळाचा चेंडू तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे. पुढं उद्यमबाग. ३.३ ते ४.८ किलोमीटरच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा येतो आणि आमच्या रस्त्यावर तिथं फौंड्र्या होत्या. भाचीनं रस्त्याकडेची एक लोखंडाची गोळी उचलली, वाटाण्याएवढी. तेवढाच सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी सापडलेला, त्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा. बाकीचे लाखो तुकडे म्हणजे खडी, वाळू आणि धूळ, तीही रस्त्याच्या दीड किलोमीटरभर आणि सूर्याभोवती सगळीकडे पांगलेली. सिनेमात दाखवतात तशी दाटी तिथं नाही. आजवर कितीतरी यानं त्यातून अलगद पार गेली आहेत.

पिरनवाडीत गुरू. ७.८ किलोमीटर, व्यास १ मीटर ४० सेंटिमीटर, बैलगाडीच्या चाकाएवढा. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून एका राशीत तो साधारण वर्षभर असतो. तो कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कन्यागताचा पर्वकाळ. २०१६ च्या कन्यागताला मी आईबरोबर गेले होते. कृष्णेत उतरताना आई म्हणाली होती, "पुढच्या गुरूला मी असेन की नाही." बारा वर्षांचा तो काटा आमच्या घरात असा आयुष्य मोजायला वापरला जातो. शनीचंही तसंच. तो आला किणयेच्या आसपास, १४.३ किलोमीटरवर. फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे राशीला अडीच वर्षं, तीन राशी धरल्या की साडेसाती. ज्या शब्दानं लोक घाबरतात त्यात एवढं सरळ गणित आहे, हे मुलांना शाळेतच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कुसमळीला मलप्रभेच्या पुलाजवळ चहा घेतला. दुकानातल्या मावशींनी विचारलं, "कुठं चाललायसा ओ, सायकली घेऊन?" भाची म्हणाली, "नेपच्यूनला." त्यांनी शांतपणे कळशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग पाणी भरून घ्या की. पुढं जंगल आहे." आम्ही बाटल्या भरून घेतल्या.

किणयेपर्यंत दर थोड्या वेळानं काही तरी येत होतं. आता शनीनंतर १४ किलोमीटर काहीच नाही. झाडी, खड्डे, गोव्याच्या गाड्या, चढ. भाची आधी बोलत होती, मग गप्प झाली. जंगलातल्या एका वळणावर २८.७ किलोमीटर झाले तेव्हा तिनं सायकल थांबवली. युरेनस, ५१ सेंटिमीटर, एक मोठी घागर. आमची सकाळची सगळी मोजामोज, लिंबू, नारळ, चेंडू, सुपारी, रस्त्याच्या पहिल्या अडीच किलोमीटरांतच आटोपली होती. "तक्ता चुकला माझा," ती म्हणाली. मी म्हटलं, तक्ता नाही चुकला, कागद कमी पडला.

तिनं व्हॉयेजरचं विचारलं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे अंतराळयान सेकंदाला १७ किलोमीटर धावतं. आमच्या मापावर तासाला जेमतेम ६० सेंटिमीटर. त्या चालीनं ते आज कपिलेश्वरापासून अडीचशे किलोमीटरांवर आहे, पुण्याच्या रस्त्यानं सातारा ओलांडून पुढं. तासाला ६० सेंटिमीटर! भाचीनं रस्त्यावर बोटानं तेवढी रेघ ओढली.

दीड वाजता कणकुंबी. वाटेतले थांबे सोडले तर चार तास दहा मिनिटांच्या आसपास, सूर्याचा उजेड नेपच्यूनला पोचायला लागतो तेवढाच वेळ. मैत्रिणीच्या घरी नाचण्याची भाकरी आणि कुळथाचं कढण तयार होतं. जेवून आम्ही मलप्रभेच्या उगमापाशी जाऊन बसलो.

नेपच्यून आधी कागदावर सापडला. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, म्हणून फ्रेंच गणिती लव्हेरिए यांनी त्याला ओढणाऱ्या ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाल यांना तो त्या जागेपासून एक अंशाच्या आत दिसला. हे सांगताना मला नदीच्या खालच्या अंगाचं नरगुंद आठवलं. ही मलप्रभा आज कालव्यानं नरगुंदची शेतं भिजवते. त्याच नरगुंदला १८५४ साली व्यंकटेश बापूजी केतकर जन्मले, आणि १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचं गणित मांडलं. एकाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ३९ पट, फेरी २४२ वर्षांची. नाव सुचवलं ब्रह्मा. प्लूटो १९३० मध्ये सापडला. त्याचं अंतर साडेएकोणचाळीस पट आणि फेरी २४८ वर्षांची निघाली. त्याच वर्षी केतकर गेले. २००६ पासून प्लूटो बटुग्रह मानला जातो, पण आपल्या मुलखातल्या एका मास्तरांनी ही बेरीज केली होती, हे इथल्या शाळांमध्ये कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. आमच्या मापानं प्लूटो ५९ किलोमीटरवर, चोर्ला घाट उतरून गोव्यात.

सात वाजता अंगणात दुर्बीण लावली. पश्चिमेला शुक्र, इतका तेजस्वी की वाडीतल्या पोरांना विमानाचा दिवा वाटला. दुर्बिणीतून तो अष्टमीच्या चंद्रापेक्षाही थोडा बारीक, कापलेला दिसला. त्याच्याखाली शनी. त्या महिन्यात शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती, त्यामुळे ताटासारखं कडं न दिसता गोळ्यातून आरपार सुई खुपसल्यासारखी एक रेघ दिसली. शेजारी त्याच्या टायटन या चंद्राचा ठिपका. मैत्रिणीच्या आईनं डोळा लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग हळूच म्हणाल्या, "हाच काय गं तो शनी?" आणि हात जोडले. डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, पूर्वेला पुनर्वसूपाशी तांबडा मंगळ. मोबाइलवर त्या दिवसांत 'ग्रह एका रांगेत' असे मेसेज फिरत होते. ग्रह नेहमीच त्या एका वाटेवर असतात, कारण सगळे जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. बऱ्याच जणांची एकाच संध्याकाळी गाठ पडणं तेवढं विशेष.

पहाटे साडेपाचला भाचीनं मला हलवून उठवलं. थंडी चांगलीच होती. आग्नेयेला चंद्राची बारीक कोर वर आली होती आणि दक्षिणेकडे डोंगराच्या अगदी वर 'मित्र' चमकत होता, सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा-परिवार.

"मावशी, आपल्या मापानं तो कुठं?"

हिशेब मी घरीच करून ठेवला होता. चार लाख किलोमीटरांहून थोडं जास्त. मी तिला खराखुरा चंद्र दाखवला आणि म्हटलं, सूर्य कपिलेश्वरापाशी ठेवला तर तो त्या कोरेच्याही थोडा पलीकडे.

ती शाल गुंडाळून उभी राहिली, एकदा चंद्राकडे आणि एकदा बेळगावच्या रस्त्याकडे बघत.