यजमानाच्या पागेवर ठरणारा खेळ

आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांच्या याद्या चाळताना घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या पोलोची नोंद अधूनमधूनच सापडते. 2007 साली थायलंडमध्ये हा खेळ होता, त्यानंतर तो थेट 2017 साली क्वालालंपूरला आणि पुन्हा 2019 साली फिलिपिन्समध्ये दिसला. या स्पर्धांत कोणते खेळ ठेवायचे यावर यजमान देशाची मर्जी बरीच चालते, आणि फिलिपिन्सने त्या वर्षी तब्बल 56 खेळ भरवले होते, त्यामुळे पोलोला जागा मिळाली यात नवल नाही. पण केवळ मर्जी असून पोलो भरवता येत नाही. त्यासाठी पागा लागते.

हिशेब करून पाहावा. एका संघात चार खेळाडू असतात आणि सामना साधारण सात-सात मिनिटांच्या चकरांमध्ये खेळला जातो (हा शब्द आपल्या ‘चक्र’चाच वंशज आहे). सुमारे 274 मीटर लांब आणि 183 मीटर रुंद मैदानावर सात मिनिटे भरधाव पळालेल्या घोड्याला लगेच पुढच्या चकरेत उतरवत नाहीत. एका सामन्यात त्याला फार तर दोन चकरा देतात. म्हणजे चार चकरांच्या सामन्यासाठी एका संघाला किमान आठ घोडे हवेत, दोन संघांना सोळा, शिवाय राखीव वेगळे आणि घोड्यावरूनच पंचगिरी करणाऱ्या पंचांचेही वेगळे. एवढी जनावरे, त्यांचे मोतद्दार आणि पशुवैद्य घेऊन समुद्र ओलांडणे, त्यातही विलगीकरणाचे नियम पाळणे, कोणत्याही संघाला परवडण्यासारखे नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय पोलोमध्ये यजमानाने घोडे पुरवायचे आणि ते चिठ्ठ्या टाकून संघांना वाटायचे अशी पद्धत रूढ आहे; जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही याच तत्त्वावर चालते. परक्या घोड्याच्या तोंडाचा, म्हणजे तो लगामाला कसा जुमानतो याचा, अंदाज एक-दोन दिवसांत घेणे हेच तिथे निम्मे कौशल्य ठरते, असे मला वाटते.

2019 चे सामने बातांगास प्रांतातील कालातागान येथे झाले. तेथे पदकांचे दोन गट होते: शून्य ते दोन गोल आणि चार ते सहा गोल. हे गोल म्हणजे सामन्यात केलेले गोल नव्हेत. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे उणे दोनपासून दहापर्यंत मानांकन दिलेले असते आणि चौघांची बेरीज ही संघाची पत असते. अर्जेंटिनाचे अव्वल खेळाडू एकेकटे दहा गोलांचे असतात, त्यामानाने अख्ख्या संघाची पत सहा असणे हे अगदी घरगुती पातळीचे पोलो झाले. पण पदकासाठी झुंजणाऱ्याला त्याचे काय! हॅंडिकॅपच्या, म्हणजे पतीतला फरक भरून काढणाऱ्या, सामन्यात दुबळ्या संघाला सुरुवातीलाच काही गोल बहाल केले जातात. दोन संघांच्या पतीतील फरकाला चकरांच्या संख्येने गुणायचे आणि सहाने भागायचे, उरलेला अपूर्णांक कितीही असो, तो अर्धा गोल धरायचा. पाच आणि सहा गोलांचे संघ चार चकरा खेळले तर पाचवाल्यांच्या नावावर आधीच अर्धा गोल लागतो, आणि मैदानावर बरोबरी होऊनही त्या अर्ध्या गोलाने सामना जिंकता येतो. क्रिकेटमधील डकवर्थ-लुईसवर कुरकुर करणाऱ्यांनी हे गणित एकदा पाहावे.

चार ते सहा गोलांच्या गटात यजमान फिलिपिन्सने मलेशियाला हरवून सुवर्णपदक घेतले. मला मात्र ब्रुनेईचा संघ अधिक कुतूहलाचा वाटतो. 2017 साली कांस्यपदक मिळवणाऱ्या या छोट्या देशाकडून सुलतानाचे पुत्र अब्दुल मतीन आणि कन्या अझेमा हे सख्खे बहीणभाऊ खेळले. पोलोमध्ये स्त्री-पुरुष एकाच संघात खेळू शकतात आणि मानांकनाची मोजपट्टी दोघांनाही एकच असते. क्रीडा महोत्सवांत असे खेळ थोडे. राजवाड्यातील मंडळींचा भरणा पाहून काहींना हसू येईल, परंतु ज्या खेळाला प्रत्येक खेळाडूमागे चार-पाच घोडे पोसावे लागतात, तेथे दुसरे कोण येणार?

आपल्याकडचे चित्र याहून वेगळे नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या आवारात 1942 पासून हौशी घोडेस्वारांचा क्लब आहे आणि शहरात पोलो पाहायचे तर पाऊल तिकडेच वळते. ज्या मणिपुरात ‘सगोल कांजै’ या नावाने हा खेळ लोक आपल्या ठेंगण्या तट्टांवरून खेळत आले, आणि जिथून इंग्रज चहामळेवाल्यांनी तो उचलून 1859 साली सिलचरला क्लब काढला, तिथे तो राजाइतकाच गावकऱ्याचाही होता. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या पदकतालिकेत मात्र आशियातच जन्मलेल्या या खेळाला अजून जागा मिळालेली नाही. तिथे पोलो म्हटले की वॉटर पोलोच सापडतो.